ऑल्वेजची जागा

शेजारची आठवीतली मुलगी परवा दुपारी वही घेऊन आली ती तणतणतच. वहीत दोन वाक्यं आणि दोन्हींवर लाल बाण. तिने लिहिलं होतं, ‘ही कम्स ऑल्वेज लेट.’ बाईंनी ऑल्वेजभोवती गोल काढून त्याला कम्सच्या अलीकडे आणलं होतं. त्यावरून शहाणी होऊन तिने पुढचं वाक्य लिहिलं, ‘ही ऑल्वेज इज लेट.’ तिथे बाण नेमका उलटा. ऑल्वेज इजच्या पलीकडे.

‘‘काका, यांचं काय ते एकदा ठरवा म्हणावं! आधी अलीकडे घे, मग पलीकडे घे. आणि तो माणूस दोन्हीकडे उशिराच येतोय.’’

या शेवटच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम मात्र होता. साधं क्रियापद असेल तर त्याच्या आधी. अ‍ॅम-इज-आर असेल तर त्याच्या नंतर. हॅज, विल असली मदतनीस मंडळी पुढे असतील तर त्यांतल्या पहिल्याच्या पाठोपाठ. हा नियम मी कधी पाठ केला नाही. मी तो उभ्याने शिकलो.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. आमच्या सरांना फळ्यावर लिहायचा कंटाळा, म्हणून ते मुलांचीच वाक्यं करायचे. प्रत्येकाला एकेक शब्द द्यायचा आणि फळ्यासमोर रांगेत उभं करायचं. ‘ही’ म्हणजे मॉनिटर. ‘कम्स’ म्हणजे वर्गातला तालमीत जाणारा दांडगा गडी, कारण क्रियापद कसं भक्कम पाहिजे. ‘लेट’ म्हणजे वाडीवरून चालत येणारा एक मुलगा. त्याला हा शब्द का मिळाला हे सांगायला नको, आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे. ऑल्वेज मी. मी काटकुळा, कुठेही मावायचो.

सर ओरडायचे, ‘‘ऑल्वेज, शीर!’’ की मी मॉनिटर आणि पैलवान यांच्यामध्ये शिरायचो. पैलवान मुद्दाम हलायचा नाही. मग खांदा लावायचा, कोपर खायचं, पण जागा मिळवायची. मग सर पैलवानाला खाली बसवून ‘इज’ला उभं करायचे. हा इज म्हणजे सरांचाच भाचा. त्याच्या पुढे उभं राहायचं नाही, निमूट मागे जायचं. ‘हॅज कम’ला पुन्हा दोघांच्या मध्ये. वर्षभर माझी ही ये-जा चालली. नेव्हर, ऑफन, युज्वली हीसुद्धा कामं अधूनमधून माझ्याकडे यायची, पण नाव पडलं ते ऑल्वेजच. वर्गातल्या मित्रांचा फोन आला की अजूनही ‘‘काय ऑल्वेज, बरा आहेस ना?’’ इथूनच सुरुवात होते.

एकदा मी सरांना विचारलं, असं का? सर म्हणाले, ‘‘साहेबाला विचार.’’ साहेब सत्तेचाळीस सालीच बोटीत बसून गेला होता.

पुढे कळलं की खुद्द साहेबाच्या घरातही या प्रश्नावरून भांडणं होती. कँटरबरीच्या मोठ्या चर्चचे डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, हेन्री आल्फर्ड यांनी 1864 साली इंग्रजीच्या शुद्धतेवर एक पुस्तक काढलं. कुणा पत्रलेखकाने ‘टू सायंटिफिकली इलस्ट्रेट’ असं लिहिलं, म्हणजे ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घुसवलं, याचा त्यांना मनस्वी राग आला. ही रीत इंग्रजी बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांना सर्वस्वी अपरिचित आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. प्रत्यक्षात ती चौदाव्या शतकातल्या जॉन विक्लिफ या इंग्रज धर्मपंडिताच्या लिखाणातही सापडते. तरी मास्तर मंडळींनी हा निषेध पुढची शंभरेक वर्षं जपला.

आल्फर्डसाहेबांना आपल्याकडचं एखादं सरकारी पत्र दाखवायला हवं होतं. ‘यू आर रिक्वेस्टेड टू काइंडली डू द नीडफुल.’ टू आणि डू यांच्यामध्ये काइंडली मांडी घालून बसलेला, आणि तो तिथून हलत नाही. नोकरीत मी अशी हजारो पत्रं टाइप होताना पाहिली. एका नव्या अधिकाऱ्याने एकदा तो काइंडली उचलून वाक्याच्या शेवटी ठेवला, तर हेडक्लार्कनी चष्मा काढून विचारलं, ‘‘साहेब, विनंती करताय की टोमणा मारताय?’’ काइंडली परत जागेवर आला. पत्राचं उत्तर अर्थातच आलं नाही.

आणि आपला तो ओन्ली! ‘आय केम जस्ट नाऊ ओन्ली.’ त्याला वाक्याच्या शेवटी आपणच नेऊन ठेवलंय. ‘आत्ताच’मधला च कुठेतरी लावायचा तर असतो. मुंबईच्या लोकलमध्ये ‘आय अ‍ॅम स्टँडिंग हिअर ओन्ली’ असं फोनवर सांगणाऱ्याला व्याकरण शिकवायला जाणारा माणूस दादरला उतरूच शकणार नाही.

पण हा सगळा किरकोळ मामला. क्रियाविशेषण हुकल्यामुळे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना दोनदा शपथ घ्यावी लागली, हे मात्र मी टीव्हीवर पाहिलं आहे. 20 जानेवारी 2009. राज्यघटनेत शपथेचे शब्द ठरलेले आहेत: ‘आय विल फेथफुली एक्झिक्यूट द ऑफिस...’ सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स कागद न घेता सांगत होते. त्यांचा फेथफुली क्रियापदाआधी यायचा राहिला आणि थेट वाक्याच्या शेपटाला लागला. ओबामा ‘एक्झिक्यूट’पर्यंत येऊन थांबले. चेहऱ्यावर किंचित हसू. रॉबर्ट्स सावरायला गेले, पण फेथफुली अजून एक्झिक्यूटच्या मागेच. शेवटी ओबामांनी पहिलाच चुकीचा क्रम म्हणून टाकला. समोर लाखो माणसं थंडीत उभी, आणि त्या दोघांमध्ये एक शब्द जागा शोधत फिरतोय. मला त्या शब्दाबद्दल जी आपुलकी वाटली ती माझ्या वर्गातल्यांनाच समजेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये शपथ पुन्हा झाली. पहिलीही वैधच होती, केवळ जादा खबरदारी म्हणून दुसरी, असं जाहीर करण्यात आलं. स्टीव्हन पिंकर या भाषाशास्त्रज्ञाने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये तर्क लढवला की विल आणि एक्झिक्यूट यांच्यामध्ये शब्द आलेला रॉबर्ट्सना सोसवत नसावा, म्हणून त्यांच्या डोक्याने तो नकळत उचलून बाहेर ठेवला. म्हणजे सगळा दोष आल्फर्डसाहेबांच्या वंशजांचा. मला हा तर्क फार आवडतो. तो खरा असलाच पाहिजे असा माझा आग्रह नाही. त्या संध्याकाळी रॉबर्ट्सनी विचारलं, तयार आहात ना? ओबामा म्हणाले, हो, आणि या वेळी अगदी सावकाश घेऊ या. त्यांच्या इंग्रजीत ‘व्हेरी स्लोली’ वाक्याच्या अगदी शेवटी होतं, आणि तिथे कुणी लाल बाण मारला नसता.

माझी स्वतःची एक खोड आहे. क्रियापद बोलून झाल्यावर मागाहून येणाऱ्या शब्दावर माझा विश्वास बसत नाही. ‘आय विल कम, प्रॉबेब्ली.’ अरे, येतो म्हणालास तेव्हाच मी चहाचं आधण ठेवलं होतं! ते प्रॉबेब्ली आधी बोलला असतास तर गॅस वाचला असता. मराठीत क्रियापदाचं मानाचं पान शेवटी, त्यामुळे ‘बहुतेक’, ‘कदाचित’, ‘नक्की’ जे काय असेल ते आधीच कळतं आणि ऐकणारा सावध होतो, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आलो आहे. बायकोचं म्हणणं, हे फक्त पुस्तकात.

तिच्या बाजूने पुरावा म्हणजे आमचा सुतार. गणपतीच्या आधी म्हणाला, ‘‘उद्या नक्की येतो.’’ दसऱ्याला म्हणाला, ‘‘नक्की येतो उद्या.’’ काल फोनवर, ‘‘येतो ना उद्या, नक्की!’’ नक्कीला जितक्या जागा होत्या तितक्या त्याने वापरून झाल्या. मोरीचं दार अजून दोरीने बांधतो आम्ही.