लालबागची निळी बादली

शनिवारी सकाळी डोंबिवलीहून सीएसएमटी फास्ट पकडली, तेव्हा पिशवीत मी नीळ देऊन रंगवलेलं, घडी केलेलं सुती कापड होतं. मुंबई येईपर्यंत पिशवी आतून निळी झाली होती, माझी बोटंही. रंग धुतलं तरी सुटतोय, घासलं तरी सुटतोय, नुसतं हाताळलं तरी सुटतोय. या एका कारणासाठी मी लालबागला आत्याकडे निघाले होते. आतोबा गिरणीत रंगखात्यात होते, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कामाचं वाटलं, आणि ते इतक्या उशिरा वाटलं याचं वाईटही वाटलं.

गेले चार महिने मी एका गोधडीच्या मागे आहे. पांघरायची नाही, भिंतीवर लावायची. गिरणगावातली रात्र. खाली चाळींच्या उजेड असलेल्या खिडक्या, वर तीन धुराडी, त्यांचा धूर आणि मागे सगळं निळं आभाळ. कापड सगळं स्वतः रंगवायचं आणि टाका एकही मशीनचा नाही, हे ठरवूनच सुरुवात केली. धुराड्यांचा विटकरी रंग मंजिष्ठाच्या मुळांनी दिला. हिरड्यात भिजवलेलं कापड हिराकशीच्या, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या, पाण्यात घातल्यावर धुराचा करडा मिळाला. हिराकस बेतानेच घालावी लागते, जास्त झाली तर सूत पुढे ठिसूळ होतं. हे सगळं जमलं. आभाळापाशी अडलं.

सीएसएमटीहून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत चालतच गेले. 1869 साली पुरी झालेली ती दगडी मंडई ओलांडली की मंगलदास मार्केट. रविवारी बंद असतं, म्हणून शनिवार धरला होता. आत शिरलं की बाहेरचं ऊन संपतं आणि नव्या कापडाचा वास सुरू होतो. नवखं माणूस छापील कापडांपाशीच हरवतं. मला हवा होता कोरा मांजरपाट, आणि कोऱ्या कापडाच्या गठ्ठ्यांपुढे फारशी गर्दी नसते. "प्युअर कॉटन," दुकानदार म्हणाले. मी कडेचा एक धागा ओढून मागितला. त्यांनीच खिशातून काडेपेटी काढली आणि धागा पेटवला. कागदासारखा जळला, बोटावर मऊ राख राहिली. मग मला समजावं म्हणून शेजारच्या ताग्यातला एक धागा पेटवून दाखवला. तो वितळला आणि टोकाला कडक मणी धरला. पॉलिस्टर. नीळ असो की मंजिष्ठ, त्यावर काही चढत नाही. चव्वेचाळीस इंच पन्ह्याचा पाच मीटर मांजरपाट त्यांनी कात्रीचा एक टवका मारून चर्रकन फाडून दिला. सरळ धाग्यात फाटलेली ती कड मला फार आवडते. गोधडीचे तुकडे मीही असेच फाडून घेते, कापत नाही.

हिरडा संपला होता, म्हणून एका काष्ठौषधीच्या दुकानात थांबले. "बाळहिरडा, रंगारी की सुरवारी?" एकाच झाडाची फळं, कमी-जास्त पिकलेली. त्यातल्या एकाला नावच रंगारी! सह्याद्रीतलं हे फळ नसेल तर सुती कापडावर मंजिष्ठाचा रंग नीट धरत नाही. आधी हिरड्याचं तुरट पाणी, मग तुरटी, मग रंग. नीळ तेवढी या रांगेत बसत नाही. तिला हिरडाही नको, तुरटीही नको. तिचं सगळं वेगळं.

मशीद स्टेशनवरून स्लो लोकल घेतली, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड. 1854 साली ताडदेवला कावसजी दावरांनी मुंबईतली पहिली सूतगिरणी काढली आणि पुढे या सगळ्या पट्ट्यावर धुराडी उभी राहिली. आता खिडकीतून टॉवर दिसतात आणि धुराडं शोधावं लागतं. माझ्या गोधडीत तीन आहेत, ती मी आत्याच्या आठवणीतून घेतली आहेत.

लालबागला मसाल्याच्या गल्लीत मसाला कुटायचे डंक चालू होते. भाजलेल्या मिरचीचा खकाणा नाकात गेला, शिंकतच चाळीचा जिना चढले.

आत्याने चहा टाकला. आतोबांपुढे मी कापड धरलं. पंचाहत्तरीला आलेत, कानाने कमी ऐकतात, पण कापड हातात आलं आणि माणूस ताठ बसला. खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. मग आत्याचा पांढरा रुमाल ओला करून कापडावर दहा वेळा घासला आणि मला दाखवला. निळा.

"किती वेळा बुडवलंस?"

"एकदाच. पण रंग चांगला घट्ट केला होता. अर्धा तास ठेवलं."

"तिथंच चुकलं. रंग कापडात गेलाच नाही, नुसता वर बसलाय."

मग त्यांनी सांगितलं ते मी जवळजवळ शब्दशः वहीत उतरवून घेतलं. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिच्याकडून प्राणवायू काढून घेतला तरच ती विरघळते, धाग्यात शिरते, आणि कापड बाहेर हवेवर आलं की प्राणवायू परत घेऊन तिथेच अडकून बसते. गिरणीत व्हॅटचे रंग असत, त्यांचंही तंत्र हेच. तिथे कॉस्टिक सोडा आणि हायड्रो ही रसायनं हे काम करायची, आणि जिगर नावाच्या यंत्रावर कापड एका रुळावरून दुसऱ्या रुळावर सारखं जात-येत राहायचं. "एका फेरीत कधी रंग होतो का? पाणी पातळ ठेवायचं आणि फेऱ्या वाढवायच्या." त्यांच्या खात्याचे डाइंग मास्टर माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात, शिकलेले होते. 1933 साली ती संस्था सुरू झाली तीच मुळी कापडाच्या रसायनाचा अभ्यासक्रम घेऊन. पण रंगाचा बाथ तयार झालाय की नाही हे विचारायला मास्टर आतोबांकडे यायचे, असं आत्या म्हणाली. आतोबांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून गप्प बसले.

कॉस्टिक घरात नको, यावर आमचं एकमत होतं. मी गूळ-चुन्याची पद्धत सांगितली: नीळ एक वाटा, विरवलेला चुना दोन, गूळ तीन. त्यांना ती ठाऊक नव्हती. गूळ हायड्रोचं काम करतो हे कळल्यावर ते इतके खूश झाले की स्वतः खाली जाऊन गूळ घेऊन आले. मोरीत झाकणाची बादली ठेवली, कढत पाणी ओतलं, ढवळलं, वर जुनी चादर गुंडाळली. बादलीतलं पाणी अजून गडद निळं होतं. "आज काही होत नाही," आतोबा म्हणाले. मी मुक्काम केला.

रात्री आत्याने अंगावर घालायला तिचीच वाकळ दिली. ती साताऱ्याकडची, गोधडी म्हणत नाही. तिच्या सासूची दोन नऊवारी लुगडी, आतोबांची धोतरं आणि मधे गिरणीच्या दुकानातून सवलतीत आणलेल्या कापडाचे तुकडे. 18 जानेवारी 1982 ला संप झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं कामावरून बाहेर पडली, आतोबा त्यांतलेच. पुन्हा रंगखात्यात जाणं झालं नाही. ही वाकळ आत्याने त्या संपाच्या वर्षी शिवली. बाहेरच्या कडेपासून धावदोरा सुरू होतो आणि चौकोनात चौकोन करत मध्यावर येतो. अंधारात मी बोटाने त्या ओळी चाचपत होते. कडेला टाके दूर दूर आहेत. आत जावं तसे बारीक होत गेलेत.

सकाळी आतोबांनी मला उठवलं. बादलीवर जांभळट निळा फेस आला होता आणि पाण्यावर तांब्यासारखी चकाकणारी साय. चमच्याने साय बाजूला सारली, खालचं पाणी पिवळट हिरवं, पाणी घातलेल्या गोमूत्राच्या रंगाचं. "उतरली," ते म्हणाले. म्हणजे नीळ विरघळली होती.

मंगलदासचा मांजरपाट रात्रीच सोड्यात उकळून खळ काढून ठेवला होता. त्याचा हातभर तुकडा ओला करून, पिळून, हळूच आत सोडला. बुडबुडा येऊ द्यायचा नाही, नाहीतर हवा आत जाते. पाच मिनिटांनी वर काढला तेव्हा तो कोवळ्या केळीच्या पानासारखा हिरवा होता. मग घडीच्या कडांवरून निळा रंग आत सरकत गेला, आम्ही तिघं बघत असताना. दहा-पंधरा मिनिटं हवेवर, पुन्हा बुडवायचा. पहिल्या फेरीत रंग धुतलेल्या शर्टाइतका फिका. मला घाई होत होती. आतोबा पाटावर बसून फेऱ्या मोजत होते. आठ झाल्या. व्हिनेगरच्या पाण्यातून काढून, स्वच्छ धुऊन गच्चीवर सावलीत वाळवला. दुपारी त्यांनी परत रुमाल ओला केला आणि घासला. रुमाल पांढरा राहिला.

संध्याकाळी आत्याने गॅलरीत चटई टाकून थर मांडले आणि चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, दोन इस्त्र्या ठेवल्या. मी आत घालायलाही नवा मांजरपाटच धरला होता. तिने तो बाजूला केला. "कोरं कापड सुईला दाद देत नाही गं. बोटं फुटतील." ट्रंकेतून विरलेलं लुगडं काढून मधे अंथरलं. खरंच, सुई लोण्यातून जावी तशी गेली. ती एका दमात सुईवर पाच टाके उचलते, मी दोन. नेढ्यातून दोरा मात्र मीच ओवून देत होते, तिला आता दिसत नाही. आभाळाची पहिली कड तिने घातली आहे, दुसरी मी. फरक लांबूनही कळतो. उसवणार नाही.

बादली तिथेच ठेवून आले. रोज थोडा गूळ घालून ढवळलं, ऊब ठेवली, तर बाथ बरेच दिवस चालतो. मंगळवारी रात्री आतोबांचा फोन आला, एरवी ते फोनवर बोलत नाहीत. "आज परत फेस आलाय. शनिवारी येताना गूळ आण दोन किलो. इथला फार चिकट आहे."