आईला बायकांच्याच केंद्रात का ठेवले?

आयुष्यभर मुलामुलींच्या शाळेत शिकवलेल्या बाईला फक्त बायकांच्या स्मृतिभ्रंश केंद्रात का नेऊन ठेवले, हा प्रश्न गेल्या दीड वर्षात मामींनी, आईच्या जुन्या सहकाऱ्यांनी आणि सोसायटीतल्या जवळजवळ प्रत्येकाने मला विचारला आहे. कुणाच्या विचारण्यात काळजी असते, तर कुणाच्या सुरात मी आईला कोंडून घातल्याचा आरोप असतो. तुम्ही विचारलेत म्हणून एकदाच सगळे लिहिते.

पहिल्या केंद्रात स्त्री-पुरुष एकाच मजल्यावर राहत. तिथे एक निवृत्त गृहस्थ होते, ज्यांना आई दादा म्हणत असे, कारण वीस वर्षांपूर्वी गेलेला आपला थोरला भाऊ तिला त्यांच्यात दिसे. संध्याकाळ उतरू लागली की या आजाराची माणसे अस्वस्थ होतात, घरी जायचे म्हणून दाराशी घुटमळतात. त्या वेळी हे दोघे टेबलाशी बसून मटार सोलत आणि दोघेही शांत राहत.

अशा केंद्रांत खोल्यांना आतून कडी नसते, कारण आत अडकलेल्या माणसाला ती काढायची कशी हे आठवेलच असे नाही. एका रात्री दादा आपलीच खोली समजून आईच्या खोलीत आले, शर्ट काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि तिच्या पलंगावर आडवे झाले. आई ओरडली नाही. पहाटे पाचला रात्रपाळीचा ब्रदर फेरीवर आला, तेव्हा ती कपाट आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत उभी होती आणि निऱ्या तिने दोन्ही मुठींत घट्ट धरल्या होत्या. तो जवळ गेला तशी ती आणखी आत सरकली, कारण तोही पुरुषच होता आणि त्या पाळीला मजल्यावर एकही बाई नव्हती. मी आठ वाजता पोहोचले, तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "बाबांना सांगू नकोस हं." बाबांना जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

व्यवस्थापक मला म्हणाले, की दोघांनाही काही कळत नाही, तेव्हा तुम्ही एवढे मनाला लावून घेऊ नका. दादांचा दोष नव्हता, हे मला त्यांच्याइतकेच कळत होते. पण प्रसंग विसरला तरी भीती विसरली जात नाही. त्यानंतर आई रात्री लघवीला उठेनाशी झाली, चौथ्या दिवशी ताप आला आणि मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. म्हातारपणी अशा संसर्गाने गोंधळ एकदम वाढतो. नऊ दिवस तिने मला ओळखले नाही. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक आहे. तरीही रात्री बाई कामावर असते का, हा प्रश्न विचारणारी मी त्या केंद्रात जणू पहिलीच होते.

तरुणपणी मुलींसाठी वेगळ्या शाळा नकोत म्हणून मी घरात आणि सभांमध्ये भांडले आहे. भीती आहे म्हणून भिंत बांधायची नसते, असे तेव्हा म्हणत असे आणि आजही तेच म्हणेन; पण ज्या आईच्या हाती ना कडी उरली ना नकार देण्याचे शब्द, तिच्यासमोर हे वाक्य मला उच्चारता आले नाही. एखाद्या केंद्राने रात्रीसाठी दोन बायका नेमल्या असत्या तर कदाचित एवढ्यावर भागले असते, हे मला मान्य आहे. बायकांच्या केंद्रात सगळे सुरळीत असते असेही नाही. शेजारच्या पलंगावरच्या आजींनी एकदा चष्म्यावरून आईच्या थोबाडीत मारली होती. मात्र आंघोळीला आता ती मावशींचा हात धरून जाते आणि रात्री उठते.

दादांची सोबत मात्र मी तोडली आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. मागच्या थंडीत एका रविवारी मटार घेऊन गेले होते. आईने सोललेल्या दाण्यांचे दोन ढीग केले, त्यातला एक समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवला आणि मला विचारले, "दादा अजून कसा आला नाही गं?" मी तिला म्हटले, की येईल.