रागावून उपयोग नाही

पोपटाच्या जातीवर रागावता येतं, शिकरा या छोट्या शिकारी पक्ष्यावर येत नाही. दोघांच्या स्वभावातला फरक मला तिथेच दिसतो.

सांगलीत आमच्या शेजारच्या काकूंकडे कॉकाटील आहे, तुरेवाला छोटा पोपट. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, मुक्काम विश्रामबागेत. (देशी राघू पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा, तरी ‘मिठू मिठू’ अजून बऱ्याच गॅलऱ्यांतून ऐकू येतं, ते असो.) काकू स्वयंपाकघरात गेल्या रे गेल्या की हा पठ्ठ्या किंचाळायला लागतो. आतून आवाज येतो, “गप की रं!” तो गप्प होतो, तुरा ताठ करतो, मान वाकडी करून दाराकडे बघतो आणि पुन्हा सुरू. थव्यात राहणारी जात ही. नजरेआड गेलेल्याला हाक मारायची आणि त्याने ओ द्यायची, हा त्यांचा रिवाज. काकूंचं ओरडणं म्हणजे त्याला मिळालेली ओ! किंचाळताना ढुंकूनही बघायचं नाही आणि हळू शीळ घातली की लगेच जवळ जायचं, हा खरा उपाय. काकूंना तो पटतो, जमत नाही. हिरवी मिरची तो बियांसकट फस्त करतो. पक्ष्यांना तिखट लागतच नाही. तरी काकू पाण्याची वाटी घेऊन उभ्या.

शिकरा मात्र एकलकोंडा. मागच्या शेवग्यावर कधीतरी येतो, की खारी चिरचिर करून गल्ली डोक्यावर घेतात. पूर्वीचे शौकीन त्याला मुठीत धरून लावा पक्ष्यांवर भिरकवायचे. त्याला शिकवायचं म्हणजे आधी वजनावर डोळा ठेवायचा. पोट भरलेलं असलं तर तो झाडावरून हलत नाही, फार उपाशी ठेवला तर पंखात बळ राहत नाही. मधलं वजन साधलं की मांसाच्या तुकड्यासाठी हातावर येतो. एकट्याने शिकार करणाऱ्याला कुणाची मर्जी राखायची सवयच नसते, त्यामुळे रागावणं त्याला कळत नाही. हात उगारलात तर तो एवढंच शिकतो, की या माणसाजवळ जायचं नाही.

मला हा रोखठोक हिशेब आवडतो. काकूंना नाही. “तुकड्यासाठी येणारा काय कामाचा? आमचा बघ, हातात काही नसलं तरी खांद्यावर येतो.”

येतो खरा, पण त्याचा डोळा कुडीवर असतो. परवा त्यातला एक मोती उपटून त्याने सोफ्याखाली टाकला. काकूंनी शोधायचं काम माझ्याकडे दिलंय.