कुत्र्यामांजरांचे फोटो आणि दराचा हिशेब

पाळीव प्राण्यांच्या छायाचित्रणाचा छोटा व्यवसाय सुरू करू पाहणारी मंडळी मला आधी कॅमेऱ्याविषयी विचारतात आणि मग, जरा अवघडूनच, दराविषयी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. प्राण्याच्या डोळ्यावर आपोआप फोकस धरणारा मिररलेस कॅमेरा आणि ८५ मिलिमीटरची लेन्स एवढ्यावर बरीच वर्षे निभावते. दर मात्र इतरांची दरपत्रके पाहून ठरवू नये, कारण त्यांचा खर्च आपल्याला माहीत नसतो.

समजा, कॅमेरा, लेन्स आणि संगणक मिळून २,४०,००० रुपये लागले व ते चार वर्षे टिकले, तर वर्षाचे ६०,००० झाले; विमा, सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क आणि जाहिरात यांचे आणखी ६०,००० धरावेत. पुण्यात पावसाळ्यात बाहेरची कामे रोडावतात, म्हणून वर्षाला ८० शूट धरली, तर प्रत्येक शूटमागे १,५०० रुपये नुसता खर्च होतो. ‘फक्त दोन हजारांत’ अशी जाहिरात करणाऱ्याच्या हाती उरतात ५०० रुपये, आणि तेही आठ तासांच्या कामाचे.

आठ तास हा आकडा ग्राहकाला पटत नाही, कारण त्याने पाहिलेला असतो फक्त बागेतला दीड तास. काळ्या लॅब्राडॉरचेच उदाहरण घ्या. कॅमेऱ्यातले प्रकाश मोजणारे मीटर काळ्या रंगाला करडा करू पाहते, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी आत घेतला जाणारा प्रकाश, थोडे उतरवावे लागते. पण तेवढ्याने डोळ्यातली चमक जाऊ नये यासाठी त्याचे तोंड मोकळ्या आकाशाकडे वळवून आपण गवतावर पालथे पडायचे. चूं चूं करणारे खेळणे दोनदा कान टवकारायला लावते, तिसऱ्यांदा तो ढुंकूनही बघत नाही. घरी आल्यावर गळ्यातला पट्टा आणि दोरी फोटोतून पुसताना मागचे केस पुन्हा जुळवत बसावे लागते, आणि खरा वेळ तिथेच जातो. तासाला ४०० रुपये मेहनताना धरला तरी दर ४,७०० वर जातो. प्रवासखर्च आणि प्रिंट वेगळे. ओळखीच्यांना सवलत द्यायचीच असेल, तर ती बिलात पूर्ण दरासह दाखवावी.

सरकारी सोपस्कारांचा बाऊ करू नये. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, निःशुल्क आहे आणि सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही.

कराराकडे मात्र दुर्लक्ष नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, ते काढायला सांगणारा ग्राहक असतो, छायाचित्रकार नव्हे. तेव्हा आपल्या कामाचे नमुने म्हणून ते फोटो दाखवायचे असतील, तर तशी लेखी परवानगी आगाऊ रक्कम घेतानाच घ्यावी.