गप्प बसून घालवलेला डाव: पोकरमधला माझा अनुभव

गणपतीत देवगडच्या घरी भजन आटोपलं की पडवीत पत्ते बसतात. यंदा मुंबईच्या भावंडांनी पोकर आणलं. पैसे नाहीत, चिंचोके. नियम एका रात्रीत आले. अडले ते एकाच ठिकाणी: जोरदार हात (म्हणजे पानं) आल्यावर लगेच चिंचोके लावायचे की गप्प बसून समोरच्याला पुढे येऊ द्यायचं, म्हणजे स्लो प्ले.

एक डाव अजून डोक्यातून जात नाही. माझ्या हातात दोन अठ्ठ्या. फ्लॉपला, म्हणजे सगळ्यांसाठी मध्ये उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, बदाम अठ्ठी, बदाम गुलाम, किलवर नव्वी. सेट, म्हणजे हातातली जोडी धरून तीन अठ्ठ्या! हातात जोडी असतानाही फ्लॉपला हे जेमतेम 12 टक्के वेळा जमतं. आता लावलं तर सगळे पानं टाकतील या धास्तीने मी चेक केलं, म्हणजे काही न लावता डाव पुढे जाऊ दिला. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 40 चिंचोके, आम्ही चौघं, चौघांचंही चेक. टर्नला, म्हणजे चौथं पान, बदाम तिर्री. मामाने लावले, मी वाढवले, त्याने आणखी वाढवले. रिव्हर, म्हणजे शेवटचं पाचवं पान, कोरडीच गेली. मामाने बदामाचा एक्का आणि पंजी उघडली: पाच बदाम, म्हणजे फ्लश, माझ्या सेटपेक्षा भारी.

"तू गप रवलंस गो, म्हणान माका पान फुकट गावला."

झोपच आली नाही. रात्रभर हिशेब केला. मामाला न दिसलेल्या 47 पानांत बदाम 9, म्हणजे टर्नला 19 टक्के. मी 30 लावले असते, तर 70 मिळवायला त्याला 30 मोजावे लागले असते; त्या एका पानापुरती त्याला किमान 30 टक्के संधी हवी होती. तोट्यात येऊ द्यायचं सोडून मी त्याला फुकट येऊ दिलं! शिवाय दश्शीवाल्यालाही स्ट्रेटची (ओळीने पाच पानांची) वाट मोकळी होती. असा फ्लॉप असेल आणि माणसं जास्त असतील, तर लावाच.

दोन रात्रींनी हातात दोन राजे आले. फ्लॉप राजा, सत्ती, दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची. समोर एकटा मावसभाऊ, रिकाम्या हातानेही लावणारा. तिथे मात्र गप्प राहिले. तीनही वेळा त्यानेच लावले, रिव्हरला मी वाढवले. काय बरं वाटलं!

हो, मामीचं राहिलं. ती कशालाही कॉल करते, म्हणजे समोरच्याने लावले तेवढे भरून डावात राहते. तिच्यापुढे सेट लपवू नका, पहिल्यापासून लावत राहा; ती देते.