तुम्ही विचारलंत म्हणून: दगड कुठला आणि हत्यार कुठलं

"बाई, तुम्हाला कळतं कसं हो, की हा नुसता दगड आणि हे आदिमानवाचं हत्यार?" आधी शाळेतली पोरं विचारायची, आता लग्नाकार्यात भेटलेले पाहुणे विचारतात. मागोमाग कुणीतरी हळूच म्हणतं, "एकाचे किती येतात?" त्याचं उत्तर लगेच देऊन टाकते: विकायचे नाहीत. पहिल्या प्रश्नाला मात्र जरा बसावं लागतं.

आमचं शेत नेवाशाजवळ, प्रवरेच्या अंगाला. वर काळी, तिच्याखाली पिवळी माती, आणि त्याही खाली नदीनं कधीकाळी पसरलेला गोट्यांचा थर, जागोजाग चुन्यानं धरलेला, पहारीला दाद न देणारा. विहीर खणली की तो वर येतो. मलबा बांधाला पडतो, पावसानं धुतला जातो, आणि नांगरट झाली की त्यातलं थोडंथोडं रानात पसरतं. लग्न होऊन आले तेव्हा पेरणीआधी गोटे वेचायचं काम माझ्याकडं होतं. टोपलीत टाकताना काही गारा, म्हणजे कठीण, गुळगुळीत रंगीत दगड, मी बाजूला ठेवायची, नुसत्या रंगावर भाळून. आत्याबाई म्हणायच्या, "लोकं घरातला केर बाहेर टाकत्यात, अन् ही बांधावरचा घरात आणती."

आता हा एक तुकडा बघा. जास्परचा, म्हणजे तांबड्या गारेचा, काळजाच्या रंगाचा, काडेपेटीपेक्षा थोडा लहान. पोटाची, म्हणजे मूळ गोट्यापासून सुटलेली बाजू गुळगुळीत आहे, पण वरच्या टोकाशी अंगठा फिरवला की चिंचोक्याएवढा फुगवटा लागतो. फुगवट्याच्या डोक्यावर एक बारका सपाट भाग. घाव बसला तो तिथं. हातातल्या दगडानं गोट्याच्या कडेला नेमका ठोका दिला की छिलका सुटतो आणि घावाखाली हा फुगवटा उमटतो. त्याच्याखाली तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशा मंद लाटा, उजेडात तिरपा धरला तरच दिसणाऱ्या. पाठीवर त्याच्याआधी निघालेल्या छिलक्यांचे खळगे.

एवढं दिसलं तरी मी गप्प बसते, कारण पुरात गोट्यावर गोटा आपटूनही छिलका निघू शकतो. मग कड बघायची. ह्याची एक कड आत वळलेली आहे, आणि त्या वळणावर तांदळाच्या कणीएवढे टवके, एकाला लागून एक, सगळे पाठीकडच्या अंगाला उडवलेले. पोटाच्या अंगाला एकही नाही. नदी इतकी शिस्तीत वागत नाही. ही तासणी, लाकूड-कातडं तासायचं हत्यार.

लोकांना वाटतं, टवके धार काढायला पाडले असतील. उलटं आहे. ताज्या छिलक्याची धार ब्लेडसारखी पातळ असते, पण लाकडावर जोर देऊन ओढली की तुटते. म्हणून ती धार मुद्दाम मोडायची आणि कडेला दणकट उतार द्यायचा. मग ती कापत नाही, तासते. ह्या वळणात मी पेन्सिल ठेवून पाहिली, चपखल बसते. काठीची साल काढून तिला गोल, गुळगुळीत करायला अशीच खाच लागणार. बाहेर फुगलेल्या कडेच्या तासण्याही मिळतात, त्या कातड्याला सोयीच्या.

सगळ्यात जास्त फसवतो तो नांगराचा फाळ. त्याचा टवका लगेच ओळखा: आतला रंग ताजा, चकचकीत, आणि बाकीच्या अंगावर जुनी साय. टवके दोन्हीकडून, कसेही. माझ्या पहिल्या डब्यातले निम्मे ऐवज ट्रॅक्टरनं घडवलेले निघाले. (मला ते अजून टाकवत नाहीत, हा भाग वेगळा.)

आमच्याकडं हे नवं नाही. 1954 साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजची मंडळी नेवाशाला उत्खननाला आली, तेव्हा नदीकाठच्या थरात त्यांना अशीच हत्यारं मिळाली. काळ्या पाषाणाच्या मोठ्या हातकुऱ्हाडी खालच्या, जुन्या थरांत. त्यांच्यानंतरची ही गार, अकीक, जास्परची छिलक्यावर केलेली हत्यारं, तासण्या भरपूर. पुराश्मयुगाचा, म्हणजे जुन्या दगडी हत्यारांच्या काळाचा, मधला टप्पा त्यातून स्पष्ट झाला, आणि ह्या घडणीला पुढे नेवाशाचंच नाव पडलं. ज्ञानेश्वरांच्या पैस खांबासाठी येणाऱ्या माणसाला हे सांगितलं की तो आधी खांबाकडं आणि मग पायाखाली बघतो. जवळच चिरकी नाल्याशी गुड्रुन कोर्व्हिनस ह्या जर्मन बाईंनी 1966 ते 1969 खोदकाम केलं, ते त्या हातकुऱ्हाडींच्या काळाचं.

तर कळतं ते असं, बोटांनी. पण बोटांना कळून भागत नाही, हे मला उशिरा समजलं. डालड्याचे दोन डबे भरले होते. ब्रशनं घासून, धुऊन, रंगाप्रमाणे लावलेले: तांबडे एकात, पिवळे-पांढरे दुसऱ्यात. पुण्याहून एक अभ्यासक आले होते, त्यांच्यापुढं मोठ्या ऐटीत ठेवले. त्यांनी दहा-बारा उलटसुलट करून पाहिले, दोन-तीन खरंच चांगल्या आहेत म्हणाले, आणि विचारलं, "ह्यातल्या विहिरीच्या कोणत्या आणि रानातल्या कोणत्या?" मला एकही सांगता येईना. नवऱ्याच्या रानातल्या, भावाच्या मळ्यातल्या, नदीच्या वाळूतल्या, सगळ्या मी रंगानं एकत्र केलेल्या. त्यांनी झाकण लावलं आणि चहा घेतला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून एका तुकड्याला एक पिशवी, पिशवीत चिठ्ठी: गट नंबर, कुठल्या बांधापासून किती पावलं, वर पडलेला की मलब्यातला. काठाच्या कड्यात रुतलेला दगड तर मी उपसतच नाही. तो ज्या थरात बसलाय तीच त्याची जन्मपत्रिका. मोबाइलवर फोटो काढते, शेजारी एक रुपया ठेवून, आणि पुण्याला पाठवते.

ह्या उन्हाळ्यात शेजारच्यांची विहीर चालली होती. यारीवाला पोरगा फडक्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. "बाई, तुमचं ते दिसतंय." पिवळी गार, फुगवटा ठळक, कड सरळ. उलटून बघायच्या आधीच मी विचारलं, किती खाली?

"पाच परस," तो म्हणाला. "गोटे लागले ना, त्याच्या जरा वरच. मी खूण करून ठेवलीया, चला."