आमचं कोणी त्या बोटीवर नव्हतं

रविवार, रात्री उशिरा

चिकन कात्सू, म्हणजे पावाचा चुरा लावून तळलेलं चिकन, चांगलं होतं, हे आधी नोंदवून ठेवते. दोन स्कूप भात, एक स्कूप मॅक सॅलड, कात्सूखाली बारीक चिरलेला कोबी. मॅकरोनी हवी तशी जास्त शिजलेली, मेयोनेझमध्ये बुडालेली, आणि त्यात हिरवे वाटाणे घालून कोणी शहाणपणा केलेला नव्हता. वेगासच्या वाळवंटात हवाईच्या जेवणाकडून याहून जास्त काय मागायचं? तरी डबा अर्धा उरला. स.नं विचारलं, बरं नाही का. बरं आहे म्हटलं.

रांगेत माझ्यापुढे एक आंटी होत्या. मनगटात काळ्या अक्षरांत नाव कोरलेल्या सोन्याच्या बांगड्या, पायात रबरी स्लिपर. त्यांनी माझ्या खांद्यावरची, हवाईच्या फूडलँड दुकानाची पिशवी पाहिली, हसल्या आणि तो प्रश्न विचारला. शाळा कुठली तुझी? हवाईची माणसं नावाआधी शाळा विचारतात. फॅरिंग्टन, रूझवेल्ट, मॅकिन्ली, पुनाहोउ, काहीही म्हणा. एका शाळेवरून त्यांना गल्ली कळते, गणगोत कळतं, बापाची कमाईसुद्धा कळते.

मी म्हटलं, मानोआ. म्हणजे तिथलं विद्यापीठ.

“ओह, कॉलेज,” त्या म्हणाल्या.

त्यात वाईट काहीही नव्हतं. हसूनच म्हणाल्या. मग त्यांचा नंबर लागला, त्यांनी ऑक्सटेल सूप मागितलं, वर वाटलेलं आलं जास्त द्या म्हणाल्या, आणि विषय संपला. त्यांच्यापुरता.

मला नक्की काय लागलं? त्या रांगेत उभी असताना मी मनातून घरी आले होते, आणि कोणीतरी दारातच, अगदी गोड आवाजात, पाहुण्या का तुम्ही, असं विचारलं. पाहुणीच की. कोण नाही म्हणतंय? पण चिपळूणची आठवण आली तर कोणी कागद मागत नाही. होनोलुलुची आली की मलाच माझा कागद शोधावासा वाटतो. आठवण यायलासुद्धा हक्क लागतो का?

तो प्लेट लंचचा डबा उघडा ठेवून बसले की हा प्रश्न आणखी टोचतो, कारण त्यातला प्रत्येक घास कोणा ना कोणाच्या बोटीतून आलाय. उसाच्या मळ्यांवर 1852 मध्ये चिनी मजूर आले, 1868 मध्ये पहिले जपानी, मग 1878 पासून पोर्तुगीज. पुढे प्वेर्तो रिकोची माणसं, 1903 मध्ये कोरियन, 1906 मध्ये फिलिपिनो. दुपारी मळ्यात डबे उघडायचे आणि देवाणघेवाण चालायची. म्हणून एकाच दुकानात कात्सू, किमची, अडोबो, चार सिउ, म्हणजे गोडसर भाजलेलं डुकराचं मांस, भरलेला मानापुआ पाव, आणि जवळच कुठेतरी साखरेत घोळवलेला गरम मालासादा, पोर्तुगीजांचा तळलेला गोड पाव. कुणाचं काय हे तिथे कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ते माहीतच असतं.

आमचं कोणी त्या बोटींवर नव्हतं. कोकणातली माणसंही परक्या मुलखात ऊस तोडायला गेली, पण ती मॉरिशसला. मी हवाईला गेले ते विमानानं, मधल्या सीटवर, विद्यार्थी व्हिसा घेऊन. माझ्या नावाचा घास त्या डब्यात कुठून असणार?

होनोलुलु का सोडलं ते लिहायला बसले तर पहाट होईल. घरभाडं. बाकीचं नको.

खरं म्हणजे वेगासमध्ये तक्रारीला जागाच नाही. डाउनटाउनमधलं कॅलिफोर्निया हॉटेल सॅम बॉइड यांनी 1975 मध्ये उघडलं आणि थेट हवाईच्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवला. तेव्हापासून तिकडचे लोक इथे येतायत, राहतायत. हवाईची मुख्य बेटं आठ, म्हणून या गावाला ते नववं बेट म्हणतात. तिकडची एबीसी स्टोअर्स इथेही आहेत. झिपीज हे तिकडचं खाण्याचं दुकान 2023 च्या ऑक्टोबरात इथे आलं, बेटांबाहेरचं त्यांचं पहिलं दुकान, आणि त्या आठवड्यातल्या रांगा आम्ही गाडीतूनच पाहून परतलो. मिळत नाही असं फारसं काही नाही. तरीही काहीतरी उरतंच. आता साधी स्पॅम मुसुबी घ्या, म्हणजे भाताच्या वडीवर स्पॅमचा, डबाबंद डुकराच्या मांसाचा, काप आणि भोवती नोरी, समुद्री शेवाळाचा कागद. होनोलुलुला सेव्हन-इलेव्हनच्या गरम कपाटात ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली असायची, नोरी वाफेनं मऊ पडून भाताला चिकटलेली, आणि बसस्टॉपवर उभ्या उभ्या खाताना हात चिकट व्हायचे. इथल्या कोरड्या हवेत भाताचा वरचा थर तासाभरात कडक होतो. भात तोच, स्पॅम तोच. हवा आणायची कुठून?

हवेचा राग मग मी पोकेवर, हवाईच्या कच्च्या माशाच्या पदार्थावर, काढते. घराजवळच्या दुकानात पोके म्हणून जे देतात त्यात मका असतो. आंबा असतो, काकडी असते, वरून गुलाबी मेयोनेझची नक्षी असते, आणि मासा शोधावा लागतो. फूडलँडच्या काउंटरवर आहीचे, म्हणजे ट्यूनाचे, चांगले मोठे तुकडे, मीठ, लिमू नावाचं शेवाळ आणि भाजून कुटलेल्या कुकुईच्या बिया, बस्स, एवढ्यात काम व्हायचं. आधी चव बघायला द्यायचे. शिकागोच्या एका कंपनीनं तर 2018 मध्ये, आपल्या नावातले ‘अलोहा’ आणि ‘पोके’ दुसऱ्या कोणी जोडीनं वापरू नयेत म्हणून वकिलाची पत्रं धाडली होती, आणि पत्रं मिळालेल्यांत मूळ हवाईयन लोकांचीही दुकानं होती. ती बातमी वाचून मी रात्रभर धुसफुसले होते. स. म्हणाला होता, तुझं काय गेलं त्यात? तेव्हाही मला उत्तर सुचलं नव्हतं. हवाईयन पिझ्झावर मात्र मी आता बोलत नाही. तो 1962 मध्ये कॅनडात जन्मला, त्यांचं ते बघून घेतील.

एक गोष्ट मात्र आंटींना सांगायला हवी होती असं आता वाटतंय. होनोलुलुत पालोलोला राहायचो तेव्हा मी चायनाटाउनच्या बाजारातून लुआउच्या पानांची जुडी आणली होती. लुआउ म्हणजे सरळसरळ अळू. घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या आणि जुडीकडे बघून काळजीत पडल्या. लाउलाउ करणारेस? चांगलं तासन्‌तास वाफव हं, नाहीतर घसा धरेल. मी म्हटलं, आमच्याकडे चिंच घालतात, मग खाजत नाही. चिंच? त्यांचा विश्वास बसला नाही. संध्याकाळी अळूवड्या नेऊन दिल्या, तर त्यांनी शेंगेतली ओली चिंच चावावी तसा चेहरा करून पहिली खाल्ली आणि मग उरलेल्या सगळ्या. पुढच्या आठवड्यात डबा परत आला तो लाउलाउ घालून. अळूच्या पानांत डुकराचं मांस आणि बटरफिश, बाहेरून टी नावाच्या तिकडच्या झुडपाच्या (चहाच्या नव्हे) पानाची पुरचुंडी. पहिल्या घासाला मला घरातल्या श्रावणाची चव लागली. डुकराच्या मांसात श्रावण! आईला हे सांगितलेलं नाही. स्पॅम म्हणजे नक्की काय तेही तिला सांगितलेलं नाही.

अळू, तिकडे म्हणतात कालो, हवाईला बोटींच्याही आधी पोचलं. पॉलिनेशियन लोकांनी समुद्रापार नेलेल्या होड्यांत त्याचे कंद होते, आणि त्यांच्याही पूर्वजांना ते मिळालं आशियातून, आपल्याच बाजूनं. त्याचीच पोई, कंद कुटून केलेली लापशी, होते, आणि त्यालाच मूळ हवाईयन माणसं आपला थोरला भाऊ मानतात. म्हणजे आमचं कोणीतरी होतं की होडीत. अळू होतं! हा शोध लागल्यावर मी इतकी खूश झाले की स.ला उठवून सांगितलं. तो म्हणाला, रांगेत हा पुरावा चालला नसता. आणि कूस बदलून झोपला.

नसताच चालला. पण आता थोडं शांत झाल्यावर आंटींबद्दल वेगळंच वाटतंय. 2020 च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त मूळ हवाईयन लोक हवाईबाहेर राहतात असं निघालं. ज्यांचं ते घर, त्यांनाच ते परवडेना. आंटी मूळ हवाईयन होत्या की जपानी की आणखी कोणी, मी विचारलं नाही, पण त्याही कधीतरी कुठल्यातरी शाळेतून निघून या वाळवंटात आल्या असणार. फूडलँडची पिशवी बघून त्यांना वाटलं असेल, ही फॅरिंग्टनची निघाली तर? कोणा चुलतबहिणीच्या वर्गातली निघाली तर? न्यू जर्सीच्या गणपतीत आपण नाही का, आडनाव ऐकलं की लगेच मूळ गाव विचारतो, आणि समोरचा गुहागरचा निघाला नाही की आपलाच चेहरा पडतो? त्यांचा पडलेला चेहरा मी माझ्यावर ओढवून घेतला. “ओह”मधली निराशा त्यांची स्वतःची असेल.

असेल. किंवा नसेल. सव्वाबारा वाजलेत आणि मी एका परक्या बाईच्या उद्गाराचं पोस्टमॉर्टेम करतेय. हक्काचं काही ठरलेलं नाही. भूक मात्र लागलीय, कारण डबा अर्धाच खाल्ला.

मघाशी उठून मुसुबी केली. काउई बेटावरच्या बार्बरा फुनामुरा यांना हिचं श्रेय देतात. 1980 च्या दशकात त्यांनी ती विकायला सुरुवात केली. म्हणजे हा पदार्थ माझ्याहून फार मोठा नाही, हेही एक समाधान. स्पॅमचे काप परतले, शोयू (सोया सॉस) आणि साखर घातली, कॅलरोज तांदळाचा भात साच्यात दाबला. साचा म्हणजे स्पॅमचाच डबा, खालचा तळ कापलेला. मग फुरिकाकेची, भातावर भुरभुरायच्या जपानी मसाल्याची, बाटली उघडली तर रिकामी. तीळ नाहीत, नोरीचा चुरा नाही, बाटली उलटी करून ठोकली तरी काही पडेना.

कपाटात मेतकूट होतं.

दोन मिनिटं विचार केला. मग भातावर मेतकुटाचा थर दिला, वर स्पॅम, भोवती नोरी. पोकेत मका बघून डोकं फिरणाऱ्या बाईनं हे केलं, आणि ओट्याशी उभी राहून दोन खाल्ल्या. हिंग, शोयू आणि खरपूस गोड स्पॅम एकत्र लागतात कसे, ते जगाला सांगायची सोय नाही. तिसरी स.साठी ठेवलीय, सकाळपर्यंत कडक होईल, पण त्याला चालतं.

मेतकूट संपत आलंय. ताई एप्रिलमध्ये येतेय, तिच्याबरोबर पाठव म्हणून आईला फोन करायला हवा. ती विचारेलच, एवढं कशाला लागतं गं तुला, कशावर घालतेस? भातावर, म्हणेन. भातावरच तर घालते.